अखंड जमिनीखालचा दिवा

आमची आत्या शाळांचे गणवेश शिवते आणि कुणाला माफ करत नाही. दोन्ही कामांत तिचा हात धरणारं कुणी नाही.

आजोबा गवंडी होते. वस्तुसंग्रहालयाच्या नव्या दालनाचा पाया खणताना त्यांना फार जुनी चुन्याची जमीन लागली आणि तिच्याखाली मातीचा दिवा. घडण रोमन. वरची जमीन अखंड होती, म्हणजे दिवा तिच्याही आधीचा. म्हणजे रोमन महासागर ओलांडून आमच्या या दूरच्या बेटापर्यंत आले असणार, जे कुठल्याच इतिहासात नव्हतं. संचालकसाहेब हसले. "बाजारातून आणून पुरलाय यानं," असं चारचौघांत म्हणाले आणि आजोबांना कामावरून काढलं. लोक त्यांना 'रोमन' म्हणू लागले. ते नाव मरेपर्यंत चिकटलं. याचे दात याच्याच घशात घालायचे, हे आत्यानं तेव्हाच ठरवलं.

यंदा प्रयोगशाळेनं सांगितलं, दिवा अस्सल आहे. झालं! निवृत्त साहेबांनी टोपी फिरवली. "मी तेव्हाच ओळखलं होतं," म्हणत शोध आपल्या नावावर करून घ्यायला सभा बोलावली. त्यात आजोबा कोण, तर 'एक मजूर'. निर्लज्जपणाला औषध नसतं.

पण नुसता दिवा जुना असून भागत नव्हतं. असा दिवा कुणी हौशी माणूस नंतरच्या काळात कधीतरी आणून टाकू शकला असता. सगळा भार एकाच गोष्टीवर होता, वरची जमीन खरंच अखंड होती का? ते पाहिलेली एकच व्यक्ती हयात होती. त्या दिवशी आजोबांचा डबा घेऊन गेलेली आत्या.

आज ती आजोबांचं नाव उजळणार आणि साहेबाला सोलून काढणार, म्हणून मी पुढच्या रांगेत बसले. आत्या उठली. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहिली होती.

"जमीन आधीच फुटलेली होती," ती म्हणाली. "बाबा खोटं बोलले."

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी कागद आवरले. साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं. मला मात्र आत्याचाच संताप आला. खोटेपणाच्या ज्या आरोपानं आजोबा खचले, तोच तिनं भर सभेत केला होता.

रस्त्यावर मी तिला अडवलं. "आजोबा खोटं बोलले होते?"

"तुझे आजोबा जन्मात खोटं बोलले नाहीत. जमीन अखंड होती. या डोळ्यांनी पाहिलीय."

"मग रोमन खरंच आले होते?"

"आले असतील," आत्या म्हणाली. "पण त्या माणसाच्या नावावर मी त्यांना किनाऱ्याला लागू देणार नाही."