ब्रशमधला दसऱ्याचा धागा

थेरगावात डांगे चौकाजवळ बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याने मला फसवलं, असं मी तीन महिने सांगत फिरलो. त्याने मला फसवलं नव्हतं. मीच त्याचं नाव घालवलं, तेही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत.

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. परभणीकडून हेल्पर म्हणून आलो आणि पुढे जे काही उभं केलं, ते भाव पाडून. पहिला सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी दिला नाही. भाजीवालीला नाही आणि लोखंडाच्या व्यापाऱ्यालाही नाही. याचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

घरी मुलीने रस्त्यावरून उचलून आणलेली पांढरी कुत्री आहे. तिचे केस सोफ्यात असे रुततात की झाडूला दाद देत नाहीत. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरला लावायचा, केस ओढणारा वेगळा ब्रश घेतला. तळहाताएवढं तोंड, आत ताठ केसांचा एक रूळ आणि तो फिरवणारा बारीक रबरी पट्टा. गणपती झाल्यावर तो रूळ फिरेनासा झाला, तेव्हा मी मामांकडे नेला. दुरुस्तीवाल्याला मी तेव्हा मामा म्हणत असे. मूळचे थेरगावचेच. कंपनी बंद पडल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं होतं.

त्यांनी नाण्याने बाजूचं झाकण फिरवलं, रूळ बाहेर घेतला आणि रुळावरच्या खाचेतून ब्लेड ओढलं. केसांची गुंडाळी पिंजलेल्या कापसासारखी सुटून आली. पट्टा ताणून सैल झाला होता, नवा लागणार होता. त्यांनी भाव सांगितला, मी निम्म्यावर आणला.

"शेठ, तुमच्यासंगं बोलून घसा बसतो बघा," ते हसून म्हणाले आणि नवा पट्टा घातला. निघताना बजावलं, "पंधरा दिसांनी केस कापत जा. आन् आत तेल घालू नका."

"तेल नको? मामा, माझं अख्खं वर्कशॉप तेलावर चालतं."

"तुमची मशीन लोखंड कापती. ही केस वढती."

ब्रश छान चालला. मग खंडेनवमी आली. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी आम्ही प्रत्येक मशीन पुसतो, तेल देतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू वाहतो आणि लाल-पिवळा धागा बांधतो. मग घरी मिक्सर, वॉशिंग मशीन, गाडी. यंदा मी ब्रशलाही पुजलं. रुळाला धागा बांधला, दोन्ही टोकांना दोन-दोन थेंब तेल सोडलं. सणाला मशीन कोरडं ठेवणं मला जमत नाही.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी बायकोने क्लीनर सुरू केला, तर घरभर जळक्या रबराचा वास. रूळ जागच्या जागी. "अहो, पट्टा गेला वाटतं," ती म्हणाली. माझं डोकंच फिरलं. निम्म्या भावात काम करायला लावलं म्हणून म्हाताऱ्याने जुनाच पट्टा परत बसवला, असं मला त्या क्षणी दिसलं. का दिसलं, तर त्याच्या जागी मी असतो तर मी तेच केलं असतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तसाच ब्रश घेऊन दुकानात गेलो. दोन बायका मिक्सर घेऊन उभ्या होत्या.

"ए, नवा म्हणून जुना पट्टा घालतोस?"

मामा उठून उभे राहिले. "शेठ, बसा. उघडून बघू द्या."

"परत हात लावायचा नाही याला."

"हात लावल्याबिगर कसं कळंल?"

"मला कळलंय. लोखंडातला मायक्रॉन मोजतो मी. मला मशीन शिकवतोस?"

दोघींपैकी एकीने आपला मिक्सर पिशवीत घातला आणि ती पायरी उतरली. मामा तिच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

घरी पोचेपर्यंतही मला धीर नव्हता. सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या ग्रुपवर लिहिलं, 'डांगे चौकातला दुरुस्तीवाला चोर आहे. नवा पार्ट सांगून जुना घालतो. कुणीही जाऊ नये.' भराभर अंगठे आले. एकाने लिहिलं, आमचाही मिक्सर लवकर गेला होता. सेक्रेटरींनी लिहिलं, गेटवर कळवतो. मला फार बरं वाटलं.

ब्रश मी फेकला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवला, पुरावा म्हणून. कुणी आलं की पिशवी काढून दाखवायचो आणि गोष्ट सांगायचो. संक्रांतीला शेजारी तिळगूळ घेऊन आले, तेव्हाही पिशवी निघाली. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा आतला पट्टा तरी दाखवा की लोकांना. नुसती पिशवीच काय दाखवता?"

गुरुवारी वर्कशॉप बंद असतं. त्या आठवड्यात दुपारी पिशवी घेऊन एकटाच तिथे गेलो, बाकावर कागद पसरला आणि नाण्याने झाकण फिरवलं. वर कुत्रीचे पांढरे केस, तेलाने काळे होऊन चिकटलेले. ब्लेड ओढलं तर मध्येच अडकलं. केसांखाली लाल-पिवळा धागा होता, रुळाच्या टोकाशी तारेसारखा आवळलेला. त्यावर गाठ होती. दोन वेढे देऊन टोक खाली खोचायचं. कडब्याच्या पेंढीला वडील मारायचे ती गाठ. आमच्या घरी किंवा वर्कशॉपमध्ये ती माझ्याशिवाय कुणी मारत नाही. झेंडूची एक वाळकी पाकळीही निघाली.

पट्टा एका जागी जळला होता. बाकी नवा कोरा होता. त्यावरची छापील अक्षरंसुद्धा पुसली नव्हती.

पहिला विचार आला तो असा की हे कुणालाच कळणार नाही. धागा कचऱ्यात टाकायचा, नवा ब्रश आणायचा, संपलं. मी तो धागा कचऱ्यात टाकलाही. मग परत उचलला.

मामांच्या दुकानात त्या दिवशी कुणी नव्हतं. मी ब्रश, पट्टा आणि धागा त्यांच्यासमोर ठेवला. मामा म्हणायला तोंड उघडेना, आणि दुसरी हाक सुचेना. त्यांनी धागा बोटाने सरळ केला आणि फळीवर नीट ठेवला.

"पूजेचा हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी सोडायचा असतो, शेठ. दसऱ्यानंतर माझ्याकडं असं चार मिक्सर तरी येत्यात. त्या दिशी उघडू दिलं असतं, तर तुमच्यासमोरच निघाला असता."

"माझं चुकलं. काय नुकसान झालं असेल ते सांगा, भरून देतो."

"नुकसान कसं मोजू? तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आत सोडत न्हाई मला. आतल्या एक आजी फोन करून बोलावतात, मशीन बंद हाय म्हणून. मी गेटावरनं माघारी येतो. तिथं काय सांगू, मी चोर न्हाई म्हणून?"

"मी एकेकाला भेटून सांगतो."

"का? लिवताना एकेकाला लिवलं व्हतं का?"

म्हणजे शरमेतही मी घासाघीस करत होतो, आणि ते त्यांना कळलं. ते हसले नाहीत. "जिथं लिवलं तिथंच पुसा," एवढंच म्हणाले आणि ब्रशच्या टोकातलं तेल चिंधीने टिपायला लागले.

घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं, 'थोडा गैरसमज झाला होता.' खोडलं. 'दोन्ही बाजूंनी' असं काहीतरी लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'पट्टा नवाच होता. पूजेचा धागा मी बांधला होता, सोडायला विसरलो, त्याने ब्रश बिघडला. मी त्यांना उघडूनही बघू दिलं नाही आणि चोर म्हणालो. मी खोटं लिहिलं.' आणि पाठवलं. उत्तरादाखल तीन जणांनी नमस्काराचे हात पाठवले. त्यानंतर कुणीतरी पाण्याच्या टँकरचं विचारलं आणि ग्रुप पुढे गेला.

दुसऱ्या सकाळी गेटवर गेलो. वॉचमनच्या वहीत मामांचं नाव अजून लाल शाईत होतं. पुढे शब्द होता, बंदी. सेक्रेटरींना फोन केला, तर म्हणाले, "मीटिंगमध्ये घेऊ हा विषय." मी ओरडलो, बंदी घालताना कुठली मीटिंग झाली होती? फोन कट झाला. पण तो प्रश्न मला स्वतःलाही लागू होता. मी तरी कुणाला विचारून चोर ठरवलं होतं?

ती वही आजही तशीच आहे. आजींचं मशीन बंदच आहे. मी काय केलं, ते मी वर लिहिलं. त्यातलं काही लपवलेलं नाही. आता ज्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले त्यांनी सांगावं, एकानेही मला 'उघडून पाहिलंत का' असं का विचारलं नाही? आणि सेक्रेटरींनी सांगावं, तोंडी नको, लेखी: त्या माणसाचं नाव लाल शाईत अजून का आहे?