किसनआबांचं ताट सिंगापुरात

किस्से काही जपून ठेवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. सोयाबीन काढल्यावर अंगाला भूस चिकटतं ना, तसं. आंघोळ केली तरी मानेला एखादं टोचतंच. आमच्या सिंगापूरच्या सहलीचं असंच झालंय. राजूरला आमच्या दुकानात कुणी चहाला बसलं की अजून एखादा निघतो. सगळे आपापला सांगतात, प्रत्येक वेळी थोडा वाढवून. मी गप्प बसते, म्हणून माझ्याकडे ते अजून मूळ मापाचे आहेत!

आधी आम्ही तिकडे गेलो कसे ते सांगते. यांचं कृषी सेवा केंद्र. बियाण्याच्या एका कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं, म्हणून तिने डीलर लोकांना शुक्रवार ते सोमवार सिंगापूरला न्यायचं ठरवलं. जोडीने! लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे मी मनातल्या मनात त्याला हनिमून म्हणत होते. तेवढ्यात मामंजी म्हणाले, "शिंगापूर? मंग आम्ही बी येतो. किसनआबाचा तपास लावू."

किसनआबा म्हणजे मामंजींचे थोरले चुलते, केदारखेड्याचे. निझामाच्या काळात फौजेत गेले. निघताना आईला "शिंगापूरला चाललो" म्हणाले, आणि महायुद्धात गेले ते गेलेच. मेल्याची खबर काही आली नाही. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांचा घास कावळ्याला जातो. पण किसनआबांच्या आईने त्यांचा घास कावळ्याला जाऊ दिला नाही. "मेला म्हणून कोण सांगून राह्यलं?" तेव्हापासून त्यांचं ताट जिवंत माणसांच्या पंगतीत वाढतात आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही त्यावर बसवतात. त्या ताटावर कासार जेवलाय, एसटीचा कंडक्टर जेवलाय, मोबाइल टॉवर दुरुस्त करणाराही जेवलाय. किसनआबा आता शंभरीच्या पुढे असतील, पण पोळी गरमच लागते!

तिथल्या युद्धस्मारकावर मेलेल्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, असं यांनी मोबाइलवर दाखवलं. नावं इंग्रजीत. घरात इंग्रजी बिनचूक वाचणारी मी.

मामंजी म्हणाले, "सूनबाई, नाव सापडल्याबगर तिथून हलायचं न्हाई."

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "सापडलं तरी बोलू नको बरं का. माझ्या सासूला शब्द देल्ता म्या, ताट मोडणार न्हाई म्हणून."

आता बोला! घरात येऊन चार महिने झाले नाहीत, आणि घरातला माणूस मारायचा की जिवंत ठेवायचा, हे मी ठरवायचं?

*

सिंगापूरचं विमानतळ. तपासणीच्या बाईंनी बबनरावांना विचारलं, "एनी सीड्स?" बबनराव पिंपळगाव रेणुकाईचे, यांचे डीलर-मित्र. त्यांचा चेहरा फुलला. "यस मॅडम! कॉटन, मका, सोयाबीन, ऑल व्हरायटी!" आणि खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. मागच्या रांगेतल्या आमच्या सगळ्या डीलरांनी माना डोलावल्या.

झालं! सगळ्यांच्या बॅगा बाजूला. बी एकही निघालं नाही. धपाटे निघाले, शेंगदाण्याची चटणी निघाली, आणि सासूबाईंच्या पिशवीतून पुरणपोळ्यांचा एक डबा. त्याला मात्र त्या हात लावू देईनात. "ह्यो आमच्या घरच्या माणसाचा हाय!" बाईंनी डब्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि झाकण लावून परत दिला.

बाहेर आल्यावर बबनराव मला म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदाच कुणी स्वतःहून बियाणं विचारलं हो. मला वाटलं, पार्टी चांगली हाय!"

*

शाकाहारी हॉटेल शोधून शोधून सापडलं. ताटात आलं बदक. चांगलं तुकडे केलेलं, कातडीसकट! सासूबाईंनी डोळे मिटले. आमची गाइड होती मिस लिन, तिथलीच चिनी मुलगी. ती हसत सांगू लागली की हे शुद्ध शाकाहारी आहे, सोयाबीनचं बनवलंय.

मामंजींनी तुकडा उचलला, वास घेतला, चावला. शेतकऱ्याचीच जीभ ती. "आपलंच सोयाबीन हाय हे," ते यांना म्हणाले. "आपल्याकडं त्याचं तेल निघतं. हितं येऊन बदक झालं!"

सासूबाईंनी धपाटाच खाल्ला. "सोयाबीन असंल," त्या म्हणाल्या, "पण त्याला पंख कशाला लावायचे?"

*

एका बागेत लोखंडाची प्रचंड झाडं आहेत. संध्याकाळी त्यांच्यावर दिवे लागतात. सगळे माना वर करून "वाऽ वाऽ" करत होते. बबनरावांनी लिनला विचारलं, "दोन झाडांतलं अंतर किती ठेवता?" बिचारीला कळेना की हा माणूस गंमत करतोय की लागवड!

तिथेच यांनी माझा हात धरून फोटो काढायला सांगितला. सहलीतला आमचा पहिला जोडीचा फोटो! काढणारे मामंजी. फोटोत झाड पूर्ण आलंय, सासूबाई पूर्ण आल्यात, आणि माझा फक्त हात आलाय.

तो कोणी धरलाय, ते दिसत नाही.

*

मग युद्धाचं म्युझियम. एका खोलीत मेणाचे लष्करी अधिकारी टेबलाभोवती बसवलेत, शरणागतीच्या बोलणीसाठी. बबनरावांनी दार उघडलं आणि पटकन ओढून घेतलं. "थांबा, मीटिंग चालू हाय!"

आम्ही बराच वेळ बाहेर उभे! लिनने येऊन सांगितलं तेव्हा कुठे आत गेलो.

मामंजींनी विचारलं, "मंग जिंकलं कोण?" लिन म्हणाली, आधी जपानी. नंतर इंग्रज परत आले. नंतर तेही गेले.

सासूबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "म्हणजे माणूस केदारखेड्याचा, मुलूख निझामाचा, फौज इंग्रजाची, दुश्मन जपानी, आन् गाव हिचं?" त्यांनी लिनकडे बोट दाखवलं. "मंग भांडण कोणाचं होतं?"

मी भाषांतर केलं. लिनने विचार केला आणि म्हणाली, "गुड क्वेश्चन." मीही तेवढंच मराठीत सांगितलं.

*

सोमवारी सकाळी स्मारक. हिरवळ, पांढरी थडगी, आणि नावांनी गच्च भरलेल्या भिंती. हिंदुस्थानी नावांपाशी लिनने आम्हाला आणून सोडलं. मामंजी टोपी हातात घेऊन एका बाजूला उभे, सासूबाई डबा छातीशी धरून दुसऱ्या बाजूला. मध्ये मी. वाचत होते, पण काय सापडावं अशी प्रार्थना करायची तेच कळत नव्हतं.

आणि दिसलं. किसन.

मी नजर पुढच्या ओळीवर नेली. बोट मात्र तिथेच राहिलं, आणि मामंजींनी ते पाहिलं. "हाय का?"

मी खाली पाहिलं. थोडं खाली आणखी एक किसन!

"मामा, दोन आहेत."

"गाव?"

"गाव लिहिलेलं नाही."

"बापाचं नाव?"

"तेही नाही."

मामंजींनी एका नावावर हात ठेवला. मग दुसऱ्यावर. सासूबाईंकडे मी पाहिलंच नाही.

"मंग ह्यातला एखादा आपला हायच, कशावरून?" मामंजी शेवटी म्हणाले. त्यांनी टोपी घातली. "ह्या दोघांच्या दोन पोळ्या हितं ठेव. कुणाचे का असंनात, इतक्या वर्षांत घरचं काय मिळालं असंल त्यायला? आन् आपल्याची पंगतीत वाढ."

सासूबाईंनी दोन पोळ्या भिंतीशी ठेवल्या. मग पदराने डोळे पुसून इकडेतिकडे पाहिलं. वाटेने जाणारं कुणी नव्हतं. त्यांनी लिनचा हात धरून तिला हिरवळीवर बसवलं. "बस गं माय. जेव."

आम्ही सगळे तिच्या शेजारी ओळीने बसलो. तिने पोळी खाल्ली, बोटं चाटली. "व्हेरी नाइस!" मग आमच्या तोंडांकडे पाहत तिने विचारलं, "आज कुणाचा वाढदिवस आहे का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हटलं, "यस."