दम धर गो

आमच्या आतोबांएवढा देवाला धारेवर धरणारा भक्त महाडपासून पोलादपूरपर्यंत दुसरा झाला नसेल. आवाज म्हणाल तर फुटक्या घागरीचा. पण एकतारी घेऊन ओसरीवर बसले की शेजारची म्हैस पान्हा चोरायची आणि समोरच्या डोंगरातून तोच अभंग परत ऐकू यायचा. "डोंगराला पाठ झाला, याला कवा होनार?" असं देव्हाऱ्याकडे बोट दाखवून विचारायचे.

गोदीत कामाला असलेल्या त्यांच्या भावाने मुंबईच्या लिलावातून एक फोनो आणून दिला, आणि मग काही विचारू नका! कर्ण्यात तोंड घालून गायलं की मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरला जायचा. पुन्हा किल्ली देऊन सुई ठेवली की तोच बाहेर. कोरणं चालू असताना घरात शिंकायची बंदी. मी महाडहून सुट्टीला गेलो की ठसका लागू नये म्हणून माझ्या तोंडात आधीच गुळाचा खडा कोंबत. सूट फक्त आत्याला. आतोबांनी ओळ टाकायची, तिने स्वयंपाकघराच्या दारामागून झील धरायची. पण चुलीवरचं दूध उतू जाईल या धास्तीने ती ओळ संपायच्या आतच उचलायची. आतोबा गाणं तोडून खेकसत, "दम धर गो! किती घाई!" मग सगळं मेण खरवडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

आत्या हिवतापाने गेली तेव्हा तिचा आवाज असलेलं एकच नळकांडं उरलं होतं. त्यात ती कशी कोण जाणे, अगदी वेळेवर आली होती. बाकीची सगळी आतोबांनी स्वतःच्या हाताने खरवडली होती.

मेण दर वेळी झिजतं, म्हणून ते फक्त तिच्या तिथीला लावत, भर दुपारी, कावळ्याचं पान ठेवून झाल्यावर. रिकाम्या घरात आत्याचा आवाज उठला की शेजारीण दार लावून घ्यायची. "बाय घरात आली," म्हणायची. माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. दर वर्षी आवाज बारीक होत गेला. मग एका तिथीला आतोबांनी नळकांडं कापडात गुंडाळून ठेवलं. "आता एकदाच निघंल. मी जाताना लाव, इसरू नको."

आणि मी करंट्याने काय करावं? ते नदीवर गेले असताना मला आत्याची फार आठवण आली, आणि मीच ते लावलं. धाग्याएवढा आवाज आला, तुटला, मग नुसती खरखर. मी ते पुन्हा गुंडाळून ठेवलं. बोललो नाही.

आतोबा अंथरुणाला खिळले आणि शेवटची घटका आली, तेव्हाही दुपारच होती. घाटातलं धुकं दारापर्यंत आलेलं. "लाव रे," म्हणाले. मी किल्ली देऊन सुई ठेवली. खरखर. आतोबांनी डोळे मिटून स्वतःच ओळ टाकली. झील मीच धरायची, असं मी मनाशी ठरवलं. पण ओळ अर्धी झाली न झाली तोच ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणाले, "दम धर गो! किती घाई!"

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

एरवी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्या दिवशी केलं नाही. जरासे हसले, तिला पुढे जाऊ दिलं, आणि मागोमाग आपण गेले.