आक्काचं ऑपरेशन आणि माझी अक्कल

वरश्याहून भावोजींचा फोन आला, तेव्हा मी पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात गिऱ्हाइकांना गणपती आणि उंदराचं भांडण करून दाखवत होतो. पलीकडून एवढंच आलं, "आक्का गेली रे..." गिऱ्हाइकं उंदराच्या उत्तराची वाट बघत उभी होती.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन रोह्याशेजारी वरश्याला गेली, पण दर हंगामात मूर्तींचे डोळे आखायला माहेरी यायचीच. मी बोलायचो, ती डोळे काढायची. लोक माझ्या गोष्टींना हसायचे आणि मूर्ती तिच्या हातची मागायचे.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पूर्ण स्तन काढायचा, किंवा गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून मग काही आठवडे रोज रेडिएशन घ्यायचं. गाठ लहान होती, एकाच जागी होती. तिच्या बाबतीत जगण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच, असं ते म्हणाले. दुसऱ्या वाटेत त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचा धोका थोडा जास्त, म्हणून तपासणी चुकवायची नाही. आक्काने दुसरी वाट धरली.

मला ते पटेना. आमच्या धंद्यात रंगवलेल्या मूर्तीला तडा गेला की ती सांधत नाहीत, बादच करतात. मी भर पंक्तीत हात नाचवत व्याख्यान दिलं, "आक्का, पुरतं काढून टाक! अर्धवट ठेवायचं म्हणजे घरात चोर ठेवायचा."

"नंद्या, ओल्या मूर्तीला चीर पडली तर काय करतोस?"

"लिंपतो."

"मग मी अजून ओली हाय. आणि डॉक्टर तू हायस का ते? उद्या तुझ्या नाकावर पुळी आली, तर पुरतं नाक काप सांगू?"

भावोजी हसले. मी रुसलो. ऑपरेशनला गेलो, पण नंतर फिरकलो नाही... ना रेडिएशनला मुंबईला, ना ती घरी आल्यावर वरश्याला. हंगामाचं कारण सांगितलं. खरं कारण, तिने माझं ऐकलं नव्हतं.

पुढच्या हंगामात ती आली. त्यानंतरही येत राहिली. गेल्या वर्षी पाठ दुखायला लागली, आणि कळलं की आजार हाडांत उतरलाय.

दहाव्याला नात्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "पुरतं काढलं असतं तर वाचली असती गो!" वाक्य माझं, सूरही माझाच. मग मी तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल चाळली. "ऑपरेशन केलं त्या जागी शेवटपर्यंत काही नव्हतं. पूर्ण काढलं असतं, तरी आजार हाडांत जाऊ शकला असता. त्यांचा निर्णय चुकला नव्हता."

नऊ वर्षांत हे मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं.

तसाच वरश्याला गेलो आणि भावोजींना सगळं सांगितलं. ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. ऑपरेशनच्या वेळी तिच्या काखेतल्याही गाठी काढल्या होत्या, त्यामुळे नंतर हात वर जाईना. रोज भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिलेला. भिंतीवर पेन्सिलच्या बारीक रेघा होत्या, एकीवर एक, वर वर जाणाऱ्या. सगळ्यांत वरची जाड. तिच्याशेजारी आक्काच्या अक्षरात लिहिलेलं, "नंद्याचं डोकं".

"इथवर हात पोचला की पेणला जाऊन त्याला टपली हाणते, म्हणायची," भावोजी म्हणाले. "तू येत नव्हतास ना..."

मला आठवलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या हंगामात कारखान्यात शिरल्या शिरल्या, चपला काढायच्या आधी, तिने माझ्या डोक्यात एक सणसणीत टपली हाणली होती. मला वाटलं, लाड.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. रेघ बरोबर टाळूला टेकली.

"अंदाजानं काढलेली हाय हां ती," भावोजी म्हणाले.