काट्याची मादी

आमच्या घरात तितर धरायचं काम बाप्यांचं आणि सोलायचं काम बायकांचं. मी सेलूला शाळेत शिकवते, पगार घेते, तरी घरी आले की पदर खोचून तितर सोलायला बसते. कायदा मला माहीत आहे. तितर धरणं गुन्हा आहे, कुणी चुगली केली तर बाप आणि भाऊ दोघंही आत जातील, हे मीच त्यांना कितीदा ओरडून सांगितलंय. बाबा म्हणायचे, "कायदा तुया शाळेत सांगजो." आई गेल्यावर सोलणारी मी एकटीच उरले होते. करता काय!

बाबांकडे एक बोलता तितर होता. पिल्लू असताना आणलेला, हातावर वाढवलेला. पहाटे त्याचा पिंजरा वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायचा आणि भोवती नायलॉनचे फासे रोवायचे. तो ओरडू लागला की रानातले तितर भांडायला धावत येतात आणि फाशात पाय अडकवून घेतात. आई गेल्यापासून बाबांचं जे काही होतं ते त्या तितराशीच. पिंजरा त्यांच्या खाटेखाली. वाळवी, नाकतोडे स्वतः धरून आणायचे आणि एकेक करून भरवायचे. आमची जुनी बोली घरात आता कुणी बोलत नाही, बाबा त्याच्याशी बोलायचे. मी दिवसभर राबून आले तर जेवली का म्हणून कधी विचारलं नाही. त्याला रोज विचारायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

चैतात मादी मारायची नाही, हा घरचा नियम. तेव्हा ती अंड्यावर असते. तितराचे नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून पाय बघायचा. नराच्या पायाला मागे काटा असतो, मादीचा पाय साफ. बाबांना मोतीबिंदूनं धड दिसत नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही. ते आंगठा फिरवायचे. काटा लागला की मान मुरगळायची, नाही लागला की सोडून द्यायचं. आणि चैतात ज्याच्या हातून मादी मेली, त्यानं आपला बोलता तितर रानात सोडायचा, ही त्याची शिक्षा. सोडायचा म्हणजे मारायचाच की. हातावर वाढलेल्या पाखराला ना मांजर कळतं ना मुंगूस.

काही वर्षांपूर्वीच्या चैतातली गोष्ट. रविवार होता. बाबा आणि माझा धाकटा भाऊ धुऱ्यावरून आले आणि तितर माझ्यापुढे टाकून चहा मागितला. मी म्हटलं, आधी हे उरकू द्या. दुसऱ्याच तितराचं पोट उघडलं आणि माझा हात थांबला. आत अंडं होतं. कवच धरलेलं, पांढुरकं, अजून ऊन. मी पाय उलटा करून पाहिला. पायाला काटा होता. लहानसा, पण होता.

"बाबा, हे मादी होये," मी म्हटलं.

"काऊन वं? काटा होता. म्या आंगठा फिरवला."

मी अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं आणि तसंच धरून बसले.

भाऊ लगेच मधे पडला. "ताई, तू उगीच कशाले आग लावून राह्यली? ज्याच्या पायाले काटा तो नर, हेच सांगतलं ना आपल्या आज्यानं? मंग? बाबानं पाय पाह्यला, काटा लागला, मारला. यात बाबाची काय चूक?"

"बरोबर," बाबा म्हणाले. "एखादीच असते अशी काट्याची. पोट का बाहेरून दिसते?"

एरवी भावाचं एक वाक्य ते धड ऐकून घ्यायचे नाहीत, त्या दिवशी त्याचंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. कशासाठी ते मला कळत होतं. खाटेखालून तो तितर मान काढून बघत होता. मी चूप बसले असते तर चाललं असतं. पण माझा स्वभाव मेला तसा नाही.

"पोटात अंडं आहे आन् तुमी पायाचं काय सांगून राह्यले?" मी म्हटलं. "दुसऱ्याच्या हातून मेली असती तर तुमी ऐकलं असतं काय हे?"

झालं. बाबा दुपारी जेवले नाहीत. भाऊ माझ्यावर दात ओठ खात घराबाहेर निघून गेला. ऊन उतरल्यावर बाबांनी पिंजरा उचलला आणि मला म्हणाले, "चाल, मले धुरा दिसत नाई."

कपाशीची पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं होतं. बाबांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. तितर बाहेर आला, दोन दाणे टिपले आणि परत आत जाऊन बसला. बाबांनी त्याला हातानं बाहेर काढलं, दार लावलं. तो पिंजऱ्याभोवती फिरू लागला, आत जायला जागा शोधत. मला बघवेना. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, घरी नेऊ. तोंडातून निघून गेलं. ते म्हणाले, "आता काऊन?" आणि पिंजरा मला देऊन पुढे चालू लागले. मागून तो धावत आला, बराच लांबपर्यंत. मी ढेकूळ मारून त्याला हाकललं. दुसरं कोण मारणार होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे तो धुऱ्यावरून ओरडत होता. घरापर्यंत ऐकू येत होतं. बाबा खाटेवर उठून बसले, उतरले नाहीत. त्यानंतरच्या पहाटे आवाज आला नाही. धुऱ्यावर पिसं होती असं भाऊ सांगत आला, तर मी त्याला हाकलून दिलं. मी जे बोलले ते खरंच होतं, आजही म्हणते. पण खरं बोलून जीव असा जळेल हे मला माहीत नव्हतं. बाबा मला एका शब्दानं टाकून बोलले नाहीत. टाकून बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या चैतात भाऊ एकटाच जाऊ लागला. पिंजरा नाही, तितर नाही, बाजारातून आणलेला एक छोटा स्पीकर. मोबाईलवर कुठल्याशा तितराचा आवाज लावायचा, स्पीकर धुऱ्यावर ठेवायचा आणि स्वतः बाभळीखाली बसून विडी ओढायची. ढाबेवाले तितर मागतात, म्हणून मिळतील तेवढे धरायचे.

एकदा त्यानं आणलेलं गाठोडं मी सोडलं. एकेकाचा पाय पाहिला. बहुतेकांचे पाय साफ होते, काट्याचं नावही नाही. पोटं उघडली तर अंडीच अंडी, काही पिवळी, काही कवचाची. माझ्या अंगाची आग झाली. मी ताटली त्याच्यापुढे आपटली.

"हे काय रे? आंधळा झाला का? पाय पाह्यले काय एकाचे तरी?"

तो हसला. "पाह्यले तर काय, न पाह्यले तर काय? मंग सांग, आता काय सोडू? मोबाईल सोडू का रानात?"

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता उठतील, याच्या थोबाडीत देतील, निदान शिवी तरी घालतील. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते.

"बाबा, ऐकून राह्यले ना तुमी?" मी म्हटलं.

"सोल पोरी," ते म्हणाले. "वास मारन नाई तर."

मी पाय आखडून बसले आणि सोलत राहिले.