चोविसावं नाव

जयसिंग फराटे निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं त्यांना शाल, श्रीफळ आणि एक काम दिलं. शाल थंडीत उपयोगी पडली, नारळ त्याच आठवड्यात चटणीत गेला, काम मात्र मागं लागलं ते लागलंच. दर जानेवारीत शिरूरला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो. त्यात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची, प्रत्येकाविषयी चार ओळी सांगायच्या, मग सभागृहानं दोन मिनिटं उभं राहायचं. ही नावं गोळा करणं आणि वाचणं हे फराट्यांचं काम. बत्तीस वर्षं कार्यालयाच्या खिडकीत बसलेला माणूस. ज्यांचे प्रवेशअर्ज यानं घेतले, त्यांच्या जाण्याची नोंदही यानंच घ्यावी, यात कुणालाच वावगं वाटलं नाही.

संघाच्या छापील अर्जात चारच रकाने होते. नाव, गाव, पदवीचं वर्ष आणि हुद्दा. फोन फिरवून ते भरता आले असते. पण फराटे स्कूटर काढून घरोघर जायचे आणि पाचवा प्रश्न तोंडी विचारायचे, "घरी असताना काय करायचे?" दौंडच्या एका रेल्वे गार्डच्या घरी हा प्रश्न विचारला तेव्हा त्याची बायको ताईबाई म्हणाली, "घरी? घरी झोपायचं, आन् ते बी मनगटावर घड्याळ बांधून. म्या कवा सोडाया गेले की जागं व्हायचं." गेल्या वर्षी फराट्यांनी ही ओळ वाचली आणि सभागृह आधी हसलं, मग एकदम गप्प झालं. हुद्द्यापेक्षा अशा एका ओळीत माणूस जास्त असतो, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं. खिडकीत असताना कळलं असतं तर बरं झालं असतं, पण शहाणपण काही वेळेवर हजर होत नाही.

यंदा तेवीस नावं झाली. यादी छापायला जायच्या आठवडाभर आधी भाग्यश्री आली. केंदूरची पोर, याच कॉलेजात शिकलेली, आता दौंडला सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं एक भरलेला अर्ज पुढं ठेवला. नाव, धुरपदा कोंडिबा साकोरे. गाव, केंदूर. पुढचे दोन्ही रकाने रिकामे.

"धुरपदाबाई गेल्या?" फराटे चष्मा काढून म्हणाले.

"भाद्रपदात. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं सगळं."

फराट्यांना वाईट वाटलं. धुरपदाबाईंना ओळखत नाही असा माणूस कार्यालयात नव्हता. पंचवीसेक वर्षं दर जूनमध्ये ही बाई वाडीवरची एखाद-दुसरी पोर घेऊन खिडकीशी उभी राहायची. जवळची कॉलेजं सोडून इतक्या लांब का येता, असं विचारलं की म्हणायची, "हितं मुलींचं वसतिगृह हाय." हातात साखरेच्या पोत्याची पिशवी, तिच्यात दाखले, झेरॉक्स, फोटो, डिंकाची बाटलीसुद्धा. एखादी पोर आजारपणात आठ दिवस घरी राहिली, तर गैरहजेरीचा अर्ज घेऊन बाई स्वतः एसटीनं हजर. आणि अर्ज दिला की हलायची नाही. "इनवर्डचा शिक्का मारा, भाऊसाहेब. नंबर द्या." फराटे वैतागायचे. आमच्यावर भरवसा नाही का, असं एकदा ते बोललेही होते. ती नुसती हसली होती आणि नंबर घेऊनच गेली होती.

"पण त्या पालक म्हणून यायच्या," फराटे म्हणाले. "त्या इथल्या विद्यार्थिनी कुठं होत्या?"

"होत्या. माहेरच्या नावानं. धुरपदा बबन ढवळे, वडगाव रासाई. एस.वाय.ला होत्या. मग कॉलेजनं नाव कमी केलं. का ते कधी बोलल्या नाहीत."

फराट्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि संघाच्या अध्यक्षांना, विश्वजीतला, फोन लावला. विश्वजीत काही वाईट माणूस नव्हे. मेळाव्याचं जेवण दर वर्षी तोच घालतो. पण नियमाला पक्का. "भाऊसाहेब, यादीत पदवीधरच घेतो आपण. एकीला सूट दिली तर उद्या वर्षभर बाकावर बसून गेलेल्या प्रत्येकाचं नाव येईल. तुम्हीच आम्हाला नियम शिकवलेत ना?" हे खरं होतं. फराटे बरं म्हणाले. तरी एकदा खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या कागदांच्या खोलीत गेले. कारकुनाची खोड, दुसरं काय!

एक्याण्णव-ब्याण्णवचा हजेरीपट सापडायला तास गेला. ढवळे धुरपदा बबन. दिवाळीपर्यंत रोज हजर, पुढं गैरहजेरीची रांग, आणि जानेवारीत शेरा, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' अक्षर फराट्यांचंच होतं. नोकरीला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हाचं, ताठ आणि वळणदार. त्या वर्षीची फाईल उघडली तर तिच्या तळाशी एक पान निघालं. आईस पक्षाघात झाला आहे, धाकटी तीन भावंडे आहेत, मी घरी अभ्यास करीत आहे, तरी नाव कमी न करता परीक्षेस बसू द्यावे ही विनंती. अर्जावर शिक्का नव्हता, नंबर नव्हता, प्राचार्यांचा शेरा नव्हता.

फराटे पान घेऊन तिथंच लोखंडी स्टुलावर बसले. त्यांना सगळं आठवलं. ते विसरले नव्हतेच म्हणा, नुसतं गाडून ठेवलं होतं. शनिवार होता. प्राचार्य घाईत बाहेर पडले होते. सोमवारी समोर ठेवू म्हणून त्यांनी अर्ज फाईलमध्ये सारला आणि सोमवारी तो डोक्यातून साफ गेला. दहा दिवसांनी ती मुलगी पुन्हा खिडकीशी आली. परीक्षेच्या अर्जाची तारीख तोवर उलटून गेली होती. विसरलो म्हणायची लाज वाटली, म्हणून ते म्हणाले, "साहेबांनी नामंजूर केला." वर आणखी शहाणपणा केला, "घरची एवढी कामं असताना कॉलेज हवं कशाला?" ती आली तशी वळून गेली. प्राचार्य मऊ मनाचे होते. अर्ज समोर गेला असता तर त्यांनी डोळे झाकून सही केली असती, हे फराट्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय.

दोन दिवसांनी ते केंदूरला गेले. खरं सांगून टाकायचं, पाय धरायचे, एवढं स्कूटरवर बसतानाच ठरवलं होतं. धुरपदाबाईंचे यजमान कोंडिबा शेवंतीच्या वाफ्यात फुलं तोडत होते. पाहुणा बघून त्यांनी पाटी खाली ठेवली, बांधावर पोतं अंथरलं आणि घरात चहा सांगितला.

"काय सांगू साहेब तिचं? ब्याण्णवच्या उन्हाळ्यात लग्न झालं. आली तवा ट्रंकंत लुगड्यांपरीस पुस्तकं जास्त. माझी आई म्हणली, ह्या बाईला भाकरी येती का न्हाई? येत व्हती. फुलं, कांदा, गुरं, समदं केलं तिनं. वाडीवरच्या हरएक पोरीची जन्मतारीख तिला पाठ. धावीचा निकाल लागला की त्या घराच्या उंबऱ्यात जाऊन बसायची. बाप व्हय म्हणंस्तवर उठायची न्हाई."

"उठायच्याच नाहीत?"

"ह्या भाग्यश्रीचंच घ्या. बापानं सोयरीक धरली व्हती. ही सकाळच्या धारंला जाऊन बसली ती दिवस कलला तरी तिथंच. भांडली न्हाई, काय न्हाई. त्यांच्याच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. अर्धं पोतं फोडलं. शेवटाला बापच म्हणला, घिऊन जा बाई पोरीला, पर आता ऊठ." कोंडिबा हसले आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "अशा एकतीस पोरी. मी मोजल्या न्हाईत, तिनंच वहीत लिवल्यात. कुणी मास्तरीण, कुणी पोलिसात, कुणी घरीच, पर शिकून घरी."

फराट्यांच्या ओठांवर शब्द आले आणि तिथंच अडले. चहा आला, प्याला, कप खाली ठेवला, तरी अडलेलेच. साठीच्या माणसाला एक वाक्य बोलवेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "हुद्दा काय लिहू, आप्पा?"

"हुद्दा?" कोंडिबांनी त्यांच्याकडं जरा वेळ रोखून पाहिलं. "लिवा शेतकरी. न्हाईतर कॉलेजवाली. गाव तिला तेच म्हणायचं."

येताना पाबळच्या चौकात फराट्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. पानाच्या टपरीवरच्या माणसानं चमकून वर पाहिलं.

मेळावा रविवारी होता. छापील पुस्तिकेत तेवीसच नावं होती. सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत भाग्यश्री बसली होती, तिच्या शेजारी धुवट टोपी घातलेले कोंडिबा. फराट्यांनी एकेक आयुष्य वाचलं. राज्य राखीव दलातला जवान, झेडपीचा मास्तर, रांजणगावच्या कंपनीतला फिटर, दुधाच्या टँकरवरचा पदवीधर ड्रायव्हर. तेविसावं नाव झालं तसं लोक सवयीनं उठू लागले.

"बसा," फराटे माईकवर म्हणाले. "अजून एक नाव आहे."

विश्वजीतनं पुस्तिकेत पाहिलं, मग फराट्यांकडं.

"धुरपदा बबन ढवळे, सासरचं आडनाव साकोरे. माहेर वडगाव रासाई, सासर केंदूर. पदवीचं वर्ष नाही. ते का नाही, ते मला सांगायचंय. दुसऱ्या वर्षाला आईच्या आजारपणामुळं त्यांना घरी राहावं लागलं. सवलत मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला. तो अर्ज मी प्राचार्यांपुढं ठेवलाच नाही. विसरलो. आणि विसरलो हे लपवायला त्यांना खोटं सांगितलं, की साहेबांनी नामंजूर केला." त्यांनी माईक जवळ ओढला. "त्यांचं नाव त्यांच्या गैरहजेरीनं गेलं नाही, माझ्या खोटेपणानं गेलं. त्यानंतर त्यांनी एकतीस मुली या कॉलेजात आणल्या. त्यांचे अर्ज मीच घेतले. मी त्यांना ओळखलंसुद्धा नाही. नियमात बसत नसेल तर पुढच्या वर्षीपासून हे काम दुसऱ्या कुणाला द्या. पण आज हे नाव घेतल्याशिवाय मला खाली उतरता येणार नाही."

कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरंच झालं. विश्वजीत खुर्चीवरून उठला. माईक बंद करतो की काय, असं पुढच्या रांगेला वाटलं. पण तो हात जोडून उभा राहिला. मग सगळेच उठले. दोन मिनिटं पंख्यांचा तेवढा आवाज येत होता.

कार्यक्रम संपला. लोक जेवणाकडं वळले. काही जुने ओळखीचे फराट्यांची नजर टाळून गेले, एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी येऊन पाठीवर हात ठेवला. फराटे वाट काढत मागच्या रांगेपाशी पोचले आणि कोंडिबांपुढं वाकले. कोंडिबांनी त्यांना खांद्याला धरून वर उचललं.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुम्ही घरी आलात तवाच वळखलं. म्हनलं, निघतंय का बघू तोंडातनं."

"आणि त्यांना?"

"तिला बी ठावं व्हतं. लग्नानंतर चार वर्सांनी तुमचं प्राचार्यसाहेब पाबळला भाषणाला आलं व्हतं. तिनं जाऊन इचारलं. ते म्हणले, असा अर्ज माझ्याम्होरं आलाच न्हाई. घरी येऊन लई रडली. मी म्हनलं, त्या कारकुनाला जाब इचारू. न्हाई म्हणली. मग पोरी न्यायची येळ आली तवा म्हनलं, दुसऱ्या कॉलेजात घाल त्यास्नी. तर म्हणली, न्हाई, त्याच खिडकीतनं आत जाऊ द्या."

फराट्यांनी विचारलं, "मग मला कधी बोलल्या का नाहीत? वर्षानुवर्षं समोर उभ्या राहिल्या. एक शब्द तरी..."

"म्या बी तेच इचारलं. म्हणली, त्यास्नी कळलं तर ते ओशाळतील. ओशाळलेला माणूस नजर चुकवतो, आन् माझ्या पोरींची कागदं त्याच माणसाच्या हातनं जायची हायती." कोंडिबांनी टोपी सारखी केली. "तुम्हाला माफ केलं का न्हाई, ते मातर ती कवा बोलली न्हाई, साहेब. आन् म्या बी कवा इचारलं न्हाई."