मीटरकाकांची दसऱ्याची फेरी

देवासात मीटरकाकांच्या गाडीत बसणं ही शिक्षाच होती. समोरून म्हैस आली की ते गाडी बाजूला घेऊन थांबत, आणि म्हैस आरामात निघून गेल्यावरच पहिला गियर टाकत. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडे, "ओ भिया, सो गए क्या?" काका काच खाली करून त्याला हात जोडत. असा हा माणूस. त्यामुळे त्यांच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सोफ्यावरून ताडकन उभाच राहिलो. गाडीच्या काचेतून अंगावर धावून येणारा पीथमपूरचा गाड्या पळवायचा ट्रॅक, कोपऱ्यात वेगाचा आकडा एकशे सत्तर, आणि स्टिअरिंगवर काकांचे हात! मनगटावर देवासच्या टेकरीवरच्या देवीचा लाल धागा होता, म्हणून ओळखले.

"हे तुम्ही?" मी ओरडलो.

"मग काय मांजर चालवतंय?" काका चहात बिस्कीट बुडवत म्हणाले.

मीटरकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं, त्यांच्या मोजमापाच्या वेडावरून. नवा माणूस त्यांना वीज मंडळाचा समजे आणि बिलाची तक्रार सांगे. खरं म्हणजे ते कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. ट्रॅकवर हौशी लोकांचा दिवस असला की आपली जुनी लाल गाडी घेऊन हजर. तिथे शर्यत नसते, बक्षीस नसतं, कोणी कोणाची वेळ मोजत नाही. म्हणून काकांनी आपली सोय केली होती. आत एक कॅमेरा, आणि तपकिरीच्या डबीएवढं एक यंत्र. फेरीला वेळ किती लागला, वेग किती, ब्रेक कुठे दाबला, वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय कधी उचलला, सगळं ते यंत्र टिपायचं आणि मग व्हिडिओवर आकड्यांत उमटायचं. "नुसता व्हिडिओ पाहिला की माणूस स्वतःच्याच प्रेमात पडतो, आकडे पाहिले की उतरतो," असं ते म्हणत.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा व्हिडिओ पाहावाच लागे. मुलीला पाहायला पाहुणे आले, त्यांनाही पोह्यांबरोबर दोन फेऱ्या दाखवल्या. मुलाच्या वडिलांचा घास हातातच राहिला. काकीसाहेबांनी कपाळावर हात मारला. लग्न जमलं ते जमलंच, पण व्याही अजून काकांच्या गाडीत बसत नाहीत.

मग काकांच्या हृदयात स्टेंट बसवला. काकीसाहेब हटून बसल्या, आता ट्रॅक बंद. चार दिवस अबोला चालला, शेवटी तडजोड झाली. दर वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात एक फेरी नीट मोजायची. गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ लागला, तर गाडीची किल्ली कायमची काकीसाहेबांकडे. दोन वर्षं काका कसेबसे निभावले. तिसऱ्या वर्षी मी धारहून दसऱ्याला गेलो होतो.

आमच्या घराण्यात खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. दरबार गेला, तलवारी राहिल्या. पूजेत मांडलेलं शस्त्र दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी उचलायचं नाही, हा नेम. त्या वर्षी काकांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी ती डबी आणि कॅमेराही तलवारींशेजारी मांडला, हळदकुंकू वाहिलं. काकीसाहेब बघतच राहिल्या. आणि संध्याकाळी निरोप आला: रविवारचा ट्रॅकचा दिवस उद्यावर आला आहे, दसऱ्याच्या सकाळी. त्यानंतर थेट दिवाळीनंतर.

"उचला ना, यंत्रच आहे ते," मी म्हणालो.

"मी मांडलंय ना? आता ते शस्त्र झालं."

"मग गाडी कशी चालते?"

"गाडी वाहन आहे रे. तिची पूजा परत आल्यावर."

मोबाईलवर वेळ मोजतो म्हटलं, तर नको म्हणाले. "मी चालवतो, तू नुसता बघ. तुझ्या काकीला माझा शब्द पुरतो."

ट्रॅकच्या कडेला उभं राहून मी पाहिलं. लाल गाडी वळणावरून सुसाट गेली, टायर किंचाळले. माझ्या मते तर ती गेल्या वर्षीच्या व्हिडिओतल्यापेक्षा जोरात होती! देवासपर्यंत मी हेच बडबडत होतो. गाडी मात्र चाळीसवर होती.

काकीसाहेब ओवाळणीचं तबक घेऊन दारात आल्या. "मग? काय झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी किल्ली तबकात ठेवली. "वेळ जास्त लागला," ते म्हणाले. "मोठ्या वळणाच्या आधी पाय आपोआप उठला. पूर्वी उठत नसे."

या माणसाचा प्राण त्या गाडीत होता. एक शब्द खोटा बोलले असते तर अख्खं वर्ष मिळालं असतं, आणि साक्षीला मी होतो.

"काका, पण डबी नव्हती! कोणाला कळणार होतं?"

"अरे भिया, गाडीत मी होतो ना," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

काकीसाहेब तबक धरून दारातच उभ्या. त्यांनी ज्या किल्लीसाठी एवढा हट्ट केला, ती कुंकवात पडली होती. "आता डबी लावून पुन्हा जा म्हणावं त्यांना," त्या मला म्हणाल्या, "मीच सांगते म्हणून सांग." मी आत जाऊन सांगितलं. काकांनी नकाराची मान हलवली, आणि सोनं वाटायला पानं मोजून ठेवली का, एवढंच विचारलं.

यंदाच्या पावसाळ्यात काका गेले. तेराव्याला काकीसाहेबांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी गाडी धारला आणली, पण पीथमपूरच्या फाट्यावर वळायची हिंमत अजून झालेली नाही.